वठलेली सूचिपर्णी झाडे सरपणासाठी पाडताना

थंडीचा जोर ओसरत आला आहे आणि शेतातली मोठी कामे अजून सुरू झालेली नाहीत, असा थोडा मोकळा काळ सरपणाच्या तोडणीला सर्वांत चांगला. आता तोडून, फोडून रचलेल्या लाकडाला सबंध कोरडा हंगाम मिळतो आणि पुढच्या थंडीपर्यंत ते जळण्याजोगे होते. शेताच्या कडेला किंवा लागवडीच्या वनात चीड, स्प्रूस, फर, लार्च, देवदार अशी मऊ लाकडाची झाडे वठून उभी असतील, तर नजर आधी त्यांच्याकडेच जाते. हिरवे झाड तोडावे लागत नाही, लाकूड निम्मे वाळलेले आणि वजनाला हलके असते. हिशेब बरोबर आहे, पण अर्धाच. पाडायला सर्वांत धोक्याचे झाड कोणते असे विचाराल, तर ते वठलेलेच. म्हणून करवत हातात घेण्याआधी कोणते झाड पाडायचे आणि कोणते सोडायचे, हे ठरवण्यावर निम्मा वेळ खर्च करा.

आधी झाड वाचा

झाडाभोवती पूर्ण फेरी मारा आणि मुळापासून शेंड्यापर्यंत पाहा. बुंध्याशी मधाच्या रंगाच्या अळंब्यांचे झुबके येऊन गेले असतील, किंवा साल उचकटल्यावर आत काळ्या, चपट्या दोऱ्यांसारखी बुरशी दिसली, तर मुळे कुजलेली आहेत असे धरून चाला. असे झाड वरून धडधाकट दिसते आणि एखाद्या दिवशी वारा नसतानाही मुळासकट आडवे होते. खोडावर लालसर कडा असलेली, फळीसारखी कठीण बुरशी फुटली असेल, तर आतले लाकूड तपकिरी कुजीने पोखरलेले असते. ते चौकोनी तुकड्यांत फुटते आणि बोटांनी चुरडले तर त्याची भुकटी होते. अशा लाकडाला पाडताना भरवसा नाही आणि जळणातही फारसा दम नाही.

कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने बुंध्यावर बेताने ठोकून पाहा. टणक, खणखणीत आवाज आला तर लाकूड भरीव आहे. बद्द किंवा पोकळ आवाज आला तर आत कूज आहे. ठोकताना वर नजर ठेवा, कारण सुकी फांदी तेवढ्या हादऱ्यानेही सुटते. लाकडावर निळसर करडे पट्टे दिसले तर घाबरू नका. तो निळा डाग पाडणाऱ्या बुरशीचा रंग असतो. त्याने लाकडाची ताकद फारशी कमी होत नाही आणि जळणाला काहीच बाधा येत नाही.

वठलेले झाड पाडले की शेजारची झाडे किडीपासून वाचतात, असा सालीखालच्या भुंगेऱ्यांबद्दल बराच गैरसमज आहे. झाड वठून पाने गळाली, साल सुटून पडू लागली आणि खोड करडे झाले की खोडकिडीचे भुंगेरे ते झाड केव्हाच सोडून गेलेले असतात. असे झाड पाडल्याने शेजारची झाडे वाचत नाहीत. उलट त्या सालीत भुंगेऱ्यांना खाणारे कीटक आसऱ्याला असतात. कीड आवरायची असेल तर लक्ष द्यायचे ते नुकत्याच लागण झालेल्या झाडाकडे. बुंध्याशी किंवा सालीच्या खपल्यांत तपकिरी बारीक भुसा साचलेला असतो, राळेचे थेंब ओघळलेले असतात, पाने अजून हिरवी किंवा नुकती फिकी पडलेली असतात. हे झाड भुंगेरे बाहेर पडण्याआधी पाडून त्याची साल सोलायला हवी. त्याचे सालीसकट सरपण करून दूर नेले, तर कीड आपल्याच हाताने नव्या जागी पोहोचते. म्हणून सालीचे लाकूड जिथे तोडले त्याच्या जवळपासच जाळावे.

काही झाडे उभीच राहू द्या

ढोली असलेले, सुतार पक्ष्याने टोचलेले, जाड बुंध्याचे जुने वठलेले झाड वाटेवर किंवा घरावर पडण्याचा धोका नसेल, तर त्याला हात लावू नका. उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलांत जवळपास २० ते २५ टक्के सजीव प्रजाती कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर मृत लाकडावर अवलंबून असतात. ढोलीत राहणारे पक्षी आणि वटवाघळे शेतातले कीटक खातात, त्यामुळे शेतकऱ्याचा त्यात थेट फायदा आहे. शिवाय हीच झाडे सहसा सर्वांत जास्त कुजलेली, म्हणजे पाडायला सर्वांत वाईट आणि जळणाला सर्वांत निकस असतात. सरपणासाठी १५ ते २५ सेंटीमीटर जाडीची, शेंडा शाबूत असलेली, एक-दोन वर्षांत वठलेली झाडे निवडा. ती हाताळता येतात आणि फोडायलाही सोपी जातात.

तोडण्याआधी जमिनीची मालकी आणि तोडीच्या परवानगीचे नियम पाहून घ्या. झाड वठलेले असले तरी अनेक ठिकाणी परवानगी लागते. विजेच्या तारांच्या आवाक्यात असलेले झाड स्वतः पाडू नका, वीज कंपनीला कळवा.

पाडताना

जिवंत झाडाचे लाकूड चिवट असते. झाड पडण्याच्या बाजूला घेतलेली खाच आणि तिच्या विरुद्ध बाजूने घेतलेला मागचा काप यांच्यामध्ये जी न कापलेली पट्टी आपण ठेवतो, ती बिजागरीसारखी वाकत जाते आणि झाडाला ठरलेल्या दिशेने खाली नेते. वठलेल्या झाडात ही पट्टी वाकत नाही, मोडते. झाड थोडे कलले की ती तुटते आणि पुढे ते कुठे जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. थंडीने गोठलेल्या लाकडात हे आणखी लवकर घडते. म्हणून वठलेले झाड त्याच्या कलाच्या दिशेनेच पाडायचे. कलाविरुद्ध फिरवण्याचा हट्ट धरायचा नाही. ज्या बाजूला ते झुकले आहे तिकडे पाडणे शक्य नसेल, तर ते काम यंत्र असलेल्या जाणकाराचे.

वारा नसलेला, चांगला उजेड असलेला दिवस निवडा. शेंडे सारखे हलत असतील तर काम पुढे ढकला. एकट्याने जाऊ नका. सोबतच्या माणसाने झाडाच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर उभे राहावे, कारण वठलेले झाड आपटताना तुकडे दूरवर फेकते. झाड ज्या दिशेला पडणार, त्याच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे सुमारे ४५ अंशांत तिरक्या अशा दोन पळवाटा आधीच साफ करून ठेवा. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानांना आवरण, करवतीपासून वाचवणारी पॅन्ट आणि टाच घट्ट धरणारे बूट हे सगळे असले तरच काम सुरू करा.

खाच पडण्याच्या बाजूला, साधारण ७० अंशांनी उघडी आणि बुंध्याच्या व्यासाच्या पाचव्या ते चौथ्या हिस्स्याइतकी खोल घ्या. मागचा काप खाचेच्या कोपऱ्याच्या पातळीपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवा. मधली पट्टी व्यासाच्या दहाव्या हिस्स्याइतकी जाड ठेवतात. वठलेल्या झाडात ती जरा जास्तच ठेवा, पण इतकीही नाही की झाड अडून बसेल. पट्टीच्या दोन्ही टोकांना लाकूड कुजलेले निघाले, भुसा तपकिरी आणि ओला येऊ लागला, तर थांबा. पडणाऱ्या बाजूपासून दूर होऊन झाडाची पुन्हा पाहणी करा. लाकडात कस उरलेला नसेल तर पुढचे काम जाणकाराकडे सोपवा. अर्धे कापलेले झाड तसेच सोडून जावे लागले, तर त्याच्याभोवती दोरी बांधून माणसे आणि जनावरे तिकडे फिरकणार नाहीत असे करा.

झाड ढकलायला मागच्या कापात पाचर ठोकणे ही वठलेल्या झाडाबाबत सर्वांत नाजूक गोष्ट. प्रत्येक घाव खोडातून वर जातो आणि शेंडा किंवा सुकी फांदी सुटून सरळ खाली, म्हणजे करवत धरलेल्या माणसाच्या डोक्यावर येते. अशा अपघातांत माणसे दगावतात. हा धोका कमी करायचा असेल तर पाचर प्लास्टिकची घ्या, हळू ठोका आणि प्रत्येक घावानंतर वर पाहा. झाड हलू लागले की तिथेच उभे राहून बघत बसू नका. करवत ठेवून पळवाटेने मागे निघा. झाड जमिनीवर पडल्यानंतरही शेजारच्या झाडांत अडकलेल्या फांद्या काही वेळ गळत राहतात, तेव्हा लगेच जवळ जाऊ नका.

दुसऱ्या झाडात अडकलेल्या झाडाखाली एक क्षणही काम करू नका. ज्याच्यावर ते अडकले आहे ते झाड तोडू नका आणि अडकलेल्या खोडावर चढू नका. लांब दोर आणि ट्रॅक्टर किंवा विंच (दोर गुंडाळत ओढणारे यंत्र) असेल तर बुंधा मागे ओढून ते सोडवा. नसेल तर ठळक खूण करा, वाट बंद करा आणि साधन असलेला माणूस बोलवा.

फांद्या छाटताना सुक्या खुंट्या भाल्यासारख्या टोकदार असतात. उतारावर असाल तर खोडाच्या वरच्या बाजूला राहा. वाकून ताणलेली फांदी आधी दाबाच्या, म्हणजे बाकाच्या आतल्या बाजूने थोडी कापा आणि मग ताणाच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूने तोडा. करवतीच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू देऊ नका, करवत उसळते ती तिथूनच. माती लागलेले खोड कापल्यास साखळी लगेच बोथट होते, आणि बोथट साखळीला जोर लावणे हाही धोकाच.

वाळवण आणि जाळणे

'उभे वाळले आहे, लगेच जळेल' हे निम्मेच खरे असते. वरचा अर्धा भाग पुष्कळदा खडखडीत असतो, बुंधा मात्र ओला निघतो, विशेषतः साल शाबूत असेल तर. म्हणून कापलेले तुकडे एकाच ढिगात टाकू नका. बुंध्याचे आणि शेंड्याचे वेगळे रचा. ओंडके शेगडीच्या लांबीपेक्षा पाच सेंटीमीटर आखूड, म्हणजे बहुतेकांसाठी ३० ते ४० सेंटीमीटर कापा आणि शक्य तितक्या लवकर फोडा. अखंड ओंडका सालीआडून वाळत नाही. फोडलेले मऊ लाकूड चांगल्या वाऱ्यात एका कोरड्या हंगामात तयार होते.

रास जमिनीपासून हातभर उंच, वाऱ्याच्या वाटेवर आणि एका ओळीत रचा. फक्त वरून झाका. चारही बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळलेले लाकूड वाळत नाही, त्याला बुरशी येते. ओलावा मोजण्याचे यंत्र असेल तर तुकडा नव्याने फोडून आतल्या बाजूवर मोजा. २० टक्क्यांच्या खाली आले की जाळायला हरकत नाही. यंत्र नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेल्याचा आवाज टणक येतो आणि टोकांना तारेसारख्या भेगा पडलेल्या असतात.

चिडाच्या लाकडातल्या राळेने धुराड्यात काजळी साचते, म्हणून ते जाळूच नये, असे सांगणारे बरेच भेटतात. काजळीचे मुख्य कारण ओले लाकूड आणि हवा कोंडून ठेवलेली मंद आग हे आहे. एक किलो पाणी उडवायला सुमारे २.३ ते २.५ मेगाज्यूल उष्णता जाते. ती शेगडीतूनच जाते, आग थंडावते, धूर अर्धवट जळतो आणि धुराड्याच्या भिंतीवर चिकटतो. वाळलेले चीड किलोमागे कठीण लाकडाइतकीच, राळेमुळे कधी किंचित जास्त उष्णता देते. फरक घनतेचा आहे. त्याच मापाच्या राशीत वजन कमी भरते, म्हणून ते लवकर संपते आणि शेगडी जास्त वेळा भरावी लागते. आग पेटवायला आणि झटपट ऊब आणायला ते उत्तम. रात्रभर निखारे टिकवायचे असतील तर कठीण लाकडाचे दोन तुकडे जोडीला घाला. राळेमुळे ठिणग्या उडतात, तेव्हा उघड्या आगीपुढे सतरंजी, कपडे ठेवू नका आणि शेगडीचे दार बंद ठेवा. धुराडे वर्षातून किमान एकदा, आणि रोज जाळत असाल तर हंगामाच्या मध्येही झाडून घ्या.

गार झालेली राख फेकू नका. तिच्यात चुना आणि पालाश असते, त्यामुळे आम्लधर्मी जमिनीला ती उपयोगी पडते. पण ती पातळ पसरा. ज्या पिकांना आम्लधर्मी जमीन लागते त्यांच्यापासून दूर ठेवा आणि युरिया किंवा अमोनियम खतांबरोबर एकत्र टाकू नका, नाहीतर नत्र अमोनिया होऊन उडून जातो. रंगवलेल्या किंवा रसायन लावलेल्या लाकडाची राख शेतात मुळीच नेऊ नका. राखेत दोन-दोन दिवस निखारा जिवंत राहतो, म्हणून ती झाकणाच्या धातूच्या डब्यात, लाकडाच्या राशीपासून दूर ठेवा.