रेसकारवरच्या अक्षरांचा रंग कसा निवडावा

पुण्यात नंबरप्लेटच्या कुठल्याही दुकानात व्हिनाइलच्या स्टिकरला 'रेडियम'च म्हणतात. फॉर्म्युला स्टुडंट या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या रेसकार-स्पर्धेसाठी गाडी बांधणारी मुलं वर्षभर चासी आणि सस्पेन्शनवर जीव ओततात, आणि अक्षरांचा रंग मात्र स्पर्धेला निघायच्या आदल्या आठवड्यात रेडियमवाल्याच्या काउंटरवर उभ्या उभ्या ठरतो. आमच्या टीमचं पहिल्या वर्षी असंच झालं. राखाडी बॉडीवर चंदेरी अक्षरं, लॅपटॉपवर फार देखणी दिसत होती. ट्रॅकवर ऊन पडलं आणि कॉलेजचं नावच दिसेना. इतक्या रात्री जागून बांधलेली गाडी कुणाची, हे लोकांना विचारावं लागत होतं. ते अजून मनाला लागतं, म्हणून हे लिहितो आहे.

सुरुवात नियमपुस्तकापासून करा. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धांत गाडीच्या नंबरापुरता रंगाचा प्रश्नच उरत नाही: पांढऱ्यावर काळा किंवा काळ्यावर पांढरा, आणि उंची किमान १५० मिलिमीटर. कॉलेजचं नाव दोन्ही बाजूंना, किमान ५० मिलिमीटर उंच आणि पार्श्वभूमीवर उठून दिसणारं हवं. त्या वर्षीचं पुस्तक स्वतः वाचा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका. म्हणजे तुमच्या हातात उरतं ते नाव, ड्रायव्हरांची नावं आणि प्रायोजकांचे लोगो.

आता मुख्य गोष्ट. आपण 'कोणता रंग कोणत्या रंगाला शोभतो' असा विचार करतो, पण लांबून अक्षर वाचता येतं ते उजेड-अंधाराच्या फरकामुळे. टॅक्सीची पाटी आठवा: पिवळ्यावर काळं. विजेवर चालणाऱ्या खासगी गाडीची हिरव्यावर पांढरं. एसटीच्या लाल परीवरचं पांढरं नाव स्टँडच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतं. याउलट काळ्यावर लाल अक्षरं दुकानात झणझणीत वाटतात आणि वीस पावलांवर बुडून जातात, कारण दोन्ही रंग गडदच आहेत. पांढऱ्यावर पिवळंही तसंच विरतं, कारण तिथे दोन्ही रंग फिके. गडद निळ्या बॉडीवर पांढरा किंवा पिवळा घ्या. लाल घेतलात तर अक्षरांच्या कडा डोळ्यांपुढे थरथरतात. नारिंगी बॉडीवर पांढऱ्यापेक्षा काळा जास्त स्पष्ट दिसतो.

याची परीक्षा फुकट आहे. बॉडीवर रंगाची पट्टी धरा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. पट्टी बॉडीत मिसळली तर तो रंग बाद. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या माणसालाही मग तुमचं नाव वाचता येईल.

एवढ्यावर ऑर्डर देऊ नका. रेडियमवाल्याकडून दोन-तीन रंगांत एकच शब्द खऱ्या मापात कापून आणा आणि बॉडीवर मास्किंग टेपने चिकटवा. गाडी भर दुपारी उन्हात काढा. वीस पावलं मागे जा, मुलांना गाडी ढकलत समोरून न्यायला सांगा आणि ज्याला कॉलेजचं नाव माहीत नाही अशा कुणाला तरी ते वाचायला लावा. तुम्ही स्वतः वाचून उपयोग नाही, तुम्हाला ते पाठ आहे. संध्याकाळी हेच पुन्हा करा. साधारण १ इंच उंचीचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं, या हिशेबाने मापही तपासून घ्या.

प्रायोजकाचा लाल लोगो निळ्या बॉडीवर लावायचा असेल, तर त्याच्याकडे एकरंगी पांढरी आवृत्ती मागा. बहुतेक कंपन्यांकडे ती असते. नसेल तर खाली पांढरा चौकोन द्या. लोगोचे रंग मनाने बदलू नका, त्यांनी विश्वासाने पैसे दिलेले असतात.

चकाकीचं थोडक्यात: क्रोममध्ये आकाश आणि पिट दिसतात, अक्षर दिसत नाही. फ्लुरोसंट रंग पहिल्या दिवशी डोळ्यांत भरतात, पण उन्हात इतरांपेक्षा लवकर उडतात. एका स्पर्धेपुरते ठीक. उजेड परतवणारं (रिफ्लेक्टिव्ह) व्हिनाइल रात्रीच्या रॅलीत कामाचं, कारण ते प्रकाश आला तिकडेच परत पाठवतं. म्हणजे मागच्या गाडीच्या हेडलाइटमागे बसलेल्याला ते चमकताना दिसतं. वरून फ्लडलाइट असलेल्या ट्रॅकवर त्याचा प्रेक्षकांना फारसा फायदा नाही, तिथे साधा पांढराच बरा.

नोजकोन, म्हणजे गाडीचं निमुळतं नाक, अशा वळणदार भागासाठी कास्ट व्हिनाइल मागा. ते पातळ असतं, वळणावर बसतं आणि कडेने सहसा उठत नाही. दुकानात तुमच्या रंगात कास्ट मिळत नसेल, तर तो शब्द साइडपॉडवर, म्हणजे बाजूच्या सपाट भागावर, न्या.

शक्यतो अक्षरं एकरंगी ठेवा. प्रत्येक रंग वेगळ्या रोलमधून कापला जातो, दोन थर एकावर एक बसवताना मिलिमीटरभर सरकले तरी कड वाकडी दिसते. शिवाय ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे शंकू मांडून आखलेल्या ट्रॅकवरच्या फेरीत, गाडीचं नाक शंकूंना घासणारच. रोलचा कंपनीचा रंग-क्रमांक लिहून ठेवा आणि नाकावरच्या अक्षरांचा एक जादा संच, ट्रान्सफर टेप (अक्षरं एकत्र उचलून चिकटवायची टेप) लावलेल्या अवस्थेत, सपाट फाइलमध्ये घालून टूलबॉक्सजवळ ठेवा.