जुन्या लेथचा दम गेलाय? मोटर उचलण्याआधी या चुका टाळा

भोसरीतल्या एका शेडमधून फोन आला. "काका, मोटर गेली बहुतेक. रिकामी झकास फिरते, पण दोन मिलिमीटरचा कट दिला की चक जागेवर उभा." चक म्हणजे जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, पकडून फिरवणारा जबडा. लेथ जुना, मोटर पाच एचपीची, महिन्यापूर्वीच रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून आणलेली. पोरगा ती परत टेम्पोत घालायच्या तयारीत होता. मी म्हटलं, थांब, येतो.

मेन स्विच बंद करून टर्मिनल बॉक्सचं झाकण काढलं. सहा टर्मिनल, आणि पितळी पट्ट्या आडव्या, तीन टर्मिनल एकत्र बांधणाऱ्या. म्हणजे स्टार जोडणी. नेमप्लेटवर रंगाचे दोन थर होते. थिनरच्या बोळ्याने पुसल्यावर दिसलं: 415 व्होल्ट, डेल्टा. डेल्टाची मोटर स्टारमध्ये जोडली की प्रत्येक वाइंडिंगला 415 ऐवजी 240 व्होल्टच मिळतात आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एक तृतीयांशावर येतो. रिकामी फिरायला तेवढा पुरतो, म्हणून संशय येत नाही. पट्ट्या उभ्या केल्या, म्हणजे डेल्टा, आणि मशीन कट घ्यायला लागलं. पण हे वाचून लगेच पट्ट्या फिरवायला धावू नका. आपल्याकडच्या तीन एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटरी 415 ला स्टारमध्येच चालतात. त्या डेल्टात घातल्या तर जळतील. आधी प्लेट वाचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही: कटमध्ये अडकल्यावर थांबतं कोण? चक थांबला आणि मोटर मजेत फिरतेय, तर विजेचा काही दोष नाही. पट्टा, पुलीतली चावी किंवा क्लच बघा. चकबरोबर मोटरही कण्हत बसत असेल, तर मग वायरिंगकडे वळा. हे बघायला गार्डच्या जाळीतून पुलीवर नजर ठेवली तरी पुरतं. चक हाताने धरून "किती जोर आहे" बघणारे महाभाग मी पाहिलेत, तसलं काही करू नका.

पट्टा सरकतोय म्हटलं की लोक तो ताणतात. मीही ताणायचो. नऱ्ह्यातल्या एका मशीनवर तबल्यासारखा ताणला होता. महिन्याभरात मोटरचं पुढचं बेअरिंग ओरडायला लागलं. व्ही बेल्ट पकड घेतो ती बाजूंनी, बुडाने नाही. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चमकत असेल, तर पट्टा खाली टेकलाय; मग कितीही ताणा, सरकणारच. पट्टा झिजला असेल तर बदला, खाच झिजली असेल तर पुली. खाच पुन्हा टर्न करायची तर शेजारच्या शेडमधला लेथ मागावा लागतो, आपला तर उघडा पडलेला. ताण किती? दोन पुलींत 400 मिलिमीटर अंतर असेल, तर मधोमध बोटाने दाबल्यावर पाच-सहा मिलिमीटर दबला की झालं. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकदम बदला. एक नवा, एक जुना ठेवला की सगळा भार नव्यावर येतो. हेडस्टॉकचं ऑइल पट्ट्यावर गळत असेल तर आधी गळती बंद करा, राळ चोळून वेळ मारून नेऊ नका.

आता वीज. मल्टिमीटर लावून "तिन्ही फेज आहेत" म्हणणं ही दुसरी फसगत. थ्री फेज मोटर चालू असताना एक फेज गेला, तरी फिरती मोटर त्या मेलेल्या टर्मिनलवर स्वतःच व्होल्टेज तयार करते, आणि मीटर जवळपास बरोबर आकडा दाखवतो. उरलेल्या दोन वायरी मात्र तेवढ्याच लोडला पावणेदोन पट करंट ओढत असतात. म्हणून टाँग टेस्टर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर, घ्या आणि कट चालू असताना तिन्ही वायरींचा करंट बघा. एक शून्य आणि दोन फुगलेले दिसले, तर फ्यूज किंवा स्टार्टरचा जळका कॉन्टॅक्ट शोधा. जास्त करंटला मोटर बंद करणारा रिले ट्रिप होतोय म्हणून त्याचं सेटिंग वाढवणारे तर मोटरच्या जिवावरच उठतात. पॅनेल उघडून मोजमाप करायचं काम वायरमनकडे द्या.

व्होल्टेजही लोडवरच मोजा. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो: व्होल्टेज 20 टक्के पडलं तर टॉर्क 64 टक्केच उरतो. लांब, बारीक केबल किंवा ढिला नट एवढ्याने हे होतं.

घरी सिंगल फेजवर लेथ चालवणाऱ्यांसाठी दोन शब्द. सिंगल फेज मोटर असेल तर आधी रन कॅपॅसिटर तपासा, हात लावण्यापूर्वी डिस्चार्ज करून. व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवला असेल तर लक्षात घ्या, सिंगल फेजवरचे साधे ड्राइव्ह 230 व्होल्टच थ्री फेज देतात. त्यावर 415 स्टारची मोटर तशीच लावली, की भोसरीचीच गोष्ट. इथे मात्र, सहाही टोकं बाहेर असतील तर, ती मोटर डेल्टात घ्यावी लागते. आणि 15 हर्ट्झवर मोठा जॉब टर्न करू नका. मोटरची ताकद तिथे तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली असते. वेग कमी करून जोर वाढवणारा बॅक गिअर कशासाठी दिलाय?

एवढं करूनही मशीन दमत असेल तर टूल बघा. माइल्ड स्टीलवर 2 मिलिमीटर कट, फेऱ्याला 0.2 मिलिमीटर फीड, मिनिटाला 30 मीटर वेग, म्हणजे स्पिंडलवर साधारण अर्धा किलोवॅट. कट दुप्पट केला की एक किलोवॅट. एक एचपीच्या मोटरची पूर्ण ताकद पाऊण किलोवॅट, त्यातून पट्टा आणि गिअर आपला वाटा घेणार. त्यात निगेटिव्ह रेकचं, म्हणजे बोथट कोनाचं, कार्बाइड टूल लावलं तर भार आणखी वाढतो. धार लावलेलं एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलचं टूल, लावून बघा.

भोसरीच्या पोराचा परवा पुन्हा फोन आला. "काका, आता चार मिलिमीटरचा कट खातंय! पण टूलची धार लाल होतेय."

"आरपीएम किती ठेवलायस?"

पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही.