प्रस्ताव लिहिण्याआधी वस्तीत जा : संस्थेच्या कामात निर्णय लोकांच्या हाती कसा द्यावा

अनेक सामाजिक संस्थांमध्ये कामाचा क्रम ठरलेला असतो. देणगीदार विषय सांगतो, ऑफिसात प्रस्ताव तयार होतो, निधी मंजूर होतो आणि त्यानंतर गावात बैठक लागते. तोवर शिलाई मशिनं किती, वाटप कोणत्या महिन्यात, हे सगळं ठरून गेलेलं असतं. लोक येतात, ऐकतात, हजेरीपत्रकावर सह्या करतात आणि अहवालात 'लोकसहभाग' हा शब्द जातो. मी स्वतः अशा बैठका घेतल्या आहेत. त्यात कुणाची फसवणूक करायचा हेतू नव्हता. फक्त विचारायची वेळ निघून गेलेली होती. म्हणून हा लेख मुख्यतः त्या वेळेबद्दल आहे.

आधी जा, रिकाम्या हाताने जा

निधी मागण्याआधी किमान दोन-तीन महिने वस्तीत फक्त जाणं-येणं ठेवा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आरोग्याचं काम करायला गेले. गावकऱ्यांच्या लेखी तेव्हा आरोग्य पहिलं नव्हतं. आधी अन्न आणि पाणी होतं. आरोळेंनी मुलांच्या पोषणाचं आणि पिण्याच्या पाण्याचं काम हाती घेतलं आणि आरोग्याचं काम त्यातूनच पुढे गेलं. त्यांनी आपला विषय सोडला नाही, पण सुरुवात लोकांच्या विषयापासून केली.

गावात गेल्यावर "तुमच्या समस्या काय?" असं विचारू नका. संस्था काय देऊ शकते याचा अंदाज लोकांना असतो, आणि उत्तरही तसंच येतं. त्यापेक्षा असं विचारा : गेल्या वर्षी घरातला पैसा कशावर गेला? कुणी आजारी पडलं की आधी कुणाकडे नेता? गावाने मिळून शेवटचं काम कोणतं केलं, आणि ते कुणी पुढाकार घेऊन केलं? शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यातून गावाची ताकद कळते, आणि तुमच्याआधी तिथे कोण काय करत होतं तेही कळतं.

शिवारफेरी करा. मग जमिनीवर रांगोळी, खडे, डाळ घेऊन लोकांनाच गावाचा नकाशा काढू द्या. बायकांचा नकाशा वेगळा काढायला सांगा. पुरुषांच्या नकाशात रस्ता, देऊळ, ग्रामपंचायत ठळक येते. बायकांच्या नकाशात हातपंप, सरपणाची वाट, रात्री जायला भीती वाटते ती जागा येते. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून बोला. नकाशा काढायची काठी तुमच्या हातात घेऊ नका आणि 'हे चुकलं' म्हणून दुरुस्त करू नका.

बैठकीची वेळ आणि जागा

हा भाग किरकोळ वाटतो, पण माझ्या अनुभवात बहुतेक काम इथेच बिघडतं. एकदा आम्ही खुरपणीच्या दिवसांत सकाळी अकराला बैठक ठेवली. बायका आल्या नाहीत आणि आम्ही वहीत लिहिलं, 'महिलांचा प्रतिसाद कमी'. दिवसाची मजुरी बुडवून कुणी का यावं, हा प्रश्न आम्हाला पडलाच नव्हता. पुढची बैठक रात्री जेवणं उरकल्यावर त्यांच्याच आळीत घेतली, तेव्हा सतरंजी कमी पडली.

बैठक ठरवण्याआधी चार गोष्टी पाहा. हंगाम कोणता आहे? ऊसतोड मजुरांच्या गावात दिवाळीनंतर बैठक घेतली तर बरीच घरं कुलूपबंद असतात. तिथे निर्णय पावसाळ्यात व्हायला हवेत. जागा कुणाची आहे? देवळाच्या ओट्यावर किंवा पाटलाच्या पडवीत सगळे मोकळेपणाने बसत असतील असं गृहीत धरू नका. शंका असेल तर जी वस्ती सर्वांत शेवटी ऐकली जाते तिथेच बसा. भाषा कोणती? गोंडी, कोरकू, पावरी बोलणाऱ्यांसमोर पुस्तकी मराठीत बोललात तर माना हलतील, अर्थ पोहोचणार नाही. आणि बायका आधी स्वतंत्र बसल्या का? आपल्या राज्यात ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे, ती याच कारणासाठी. संस्थेच्या बैठकीलाही हा नियम लावून घ्या.

अभ्यास वेगळा, निर्णय वेगळा

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड आदिवासी गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे ते जंगल गावाने मिळून वापरायचा आणि सांभाळायचा कायदेशीर हक्क, मिळाला. पण संस्थांनी शिकावं असं तिथे जे आहे ते त्याआधीचं आहे : निर्णयाची रीत. गावात अभ्यास गट आहे. त्यात बाहेरचे जाणकार येतात, कायदा समजावतात, चर्चा होते; पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही सर्वसहमतीने. एखाद्याची हरकत असेल तर विषय पुढच्या सभेत जातो.

ही वाटणी संस्थेने जशीच्या तशी उचलावी. तुमच्याकडे माहिती आहे, ती अभ्यासाच्या बैठकीत द्या. निर्णयाच्या बैठकीत कार्यकर्त्याने मागे बसावं आणि विचारलं तरच बोलावं. दोन्ही बैठकांमध्ये किमान आठवडाभर जाऊ द्या, म्हणजे चुलीपाशी, शेतात, पारावर त्यावर बोलणं होईल. खरे आक्षेप तिथेच निघतात.

काय ठरवता येईल आणि काय नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. "हा निधी पाण्यासाठी आहे, रस्त्याला वापरता येणार नाही. पण टाकी कुठे, कुणाला आधी, पाणीपट्टी किती, हे तुम्ही ठरवायचं." लोक मर्यादा समजून घेतात. सगळं ठरवायला बोलावून नंतर 'ते बसत नाही' म्हटलेलं मात्र ते विसरत नाहीत.

पैसा भिंतीवर लिहा

समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या भिंतीवर निधी किती आला, कशावर खर्च झाला, किती उरला हे मोठ्या अक्षरांत लिहा आणि महिन्याला नवं करा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी बैठकीत मोठ्याने वाचा. कार्यकर्त्यांचे पगार आणि गाडीचं डिझेलसुद्धा त्यात असू द्या. पहिल्या महिन्यात अवघड प्रश्न येतील. ते येणं चांगलं आहे.

माणूस गावाने निवडावा

जामखेडला सुरुवातीला प्रशिक्षित परिचारिका गावोगाव पाठवून पाहिलं, पण ते टिकलं नाही. मग गावांनीच आपल्यातल्या बायका निवडल्या. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, पण प्रशिक्षणाने त्या गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. तुमच्या संस्थेत स्थानिक पद भरायचं असेल तर पात्रता ठरवताना 'दहावी पास' लिहिण्याआधी थांबा. कोणत्या बाईच्या दारात लोक अडीअडचणीला जातात, ते वस्तीला विचारा.

ऐकलेलं परत न्या

लोकांनी सांगितलं आणि तुम्ही लिहून घेतलं, की निम्मंच काम झालं. पुढच्या भेटीत 'तुम्ही हे म्हणालात, त्यातलं हे केलं, हे करता आलं नाही, कारण असं' हे सांगायलाच हवं. गडचिरोलीजवळ शोधग्राममध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी आदिवासींना विचारलं, तेव्हा मोठ्या इमारतींच्या दवाखान्याची भीती वाटते असं कळलं. ते ऐकून रुग्णालय आदिवासी गावासारखं बांधलं गेलं आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. ऐकलेलं कृतीत दिसलं की पुढच्या वेळी लोक जास्त बोलतात.

आपल्या कामाचा निकाल लोकांना लावू द्या. महाराष्ट्रात २००७पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं. त्यात गावकऱ्यांनीच सेवा तपासून प्रगतिपत्रकं भरली, चांगल्या-वाईटासाठी रंग वापरले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडले. हेच पत्रक संस्थेसाठी करा : कार्यकर्ता वेळेवर येतो का, बोलणं नीट आहे का, सांगितलेलं होतं का. हिरवा, पिवळा, लाल. तक्रारपेटीवर फार विसंबू नका; लिहिता न येणारा माणूस तिथे चिठ्ठी टाकत नाही. ज्या प्रकल्पाचं काम तपासायचं, त्याच्याशी संबंध नसलेल्या विश्वस्ताने तिमाहीत एकदा एकट्याने वस्तीत जाऊन बसावं.

देणगीदाराशी बोला

आधी लोकांकडे जायचं तर पगार कुठून द्यायचे, ही अडचण खरी आहे. निधीशिवाय ते जमतच नसेल तर प्रस्तावातच 'तयारीचा काळ' म्हणून पहिले तीन महिने आणि त्यांचा खर्च मागा. काही रक्कम 'ग्रामसभेच्या निर्णयाप्रमाणे' अशी मोकळी ठेवून घ्या. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीत (सीएसआर) ३१ मार्चची घाई असते, आणि त्या घाईत लोकांचा निर्णय सर्वांत आधी बाजूला पडतो. पण कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये एका वर्षापुरतं नसलेलं काम 'चालू प्रकल्प' म्हणून घेण्याची सोय आहे. अशा प्रकल्पाचा न खर्चलेला निधी वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतो. कंपनीच्या अधिकाऱ्याशी करार होण्याआधीच हे बोला.

विश्वस्तांच्या टेबलापाशी

वस्तीतली निदान दोन माणसं, त्यातली एक बाई, विश्वस्त मंडळात किंवा सल्लागार समितीत हवी. कागद मराठीत द्या आणि आठवडाभर आधी त्यांच्यासोबत बसून वाचा. वर्षातून दोन बैठका गावातच घ्या. बैठक शहरात असेल तर एसटीचं भाडं आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी संस्थेने द्यावी, आणि ती नंतर व्हाउचर भरून नव्हे, तर बैठक संपायच्या आधी हातात.