गायनाच्या निवड चाचणीची तयारी : ग्वाल्हेरच्या पालकांसाठी

न्यूयॉर्कमध्ये १९३६ साली महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांच्या पुढाकाराने अशी एक सरकारी माध्यमिक शाळा सुरू झाली, जिथे गणित, इतिहास आणि संगीत ही सारी एकाच इमारतीत शिकवली जातात, फी घेतली जात नाही आणि संगीतासाठीचा प्रवेश मात्र गाणे-वाजवणे ऐकून दिला जातो. आपल्या गावात मूल दिवसा नेहमीच्या शाळेत जाते आणि संध्याकाळी गुरूंच्या घरी किंवा संगीत महाविद्यालयात. शाळकरी वयातल्या होतकरू मुलांना चाचणी घेऊन निवडणारी, सरकारी खर्चाने चालणारी सोय म्हणून आपल्याला जवळची आहे ती सीसीआरटीची, म्हणजे केंद्र सरकारच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राची, १० ते १४ वयोगटासाठीची शिष्यवृत्ती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या माझ्या गायनवर्गातून दरवर्षी दोन-तीन मुले अशा कोणत्या ना कोणत्या चाचणीला बसतात. त्यांच्या पालकांना जे मी दरवेळी तोंडी सांगते, ते येथे सलग लिहून ठेवत आहे. माझा विषय गायन असल्यामुळे ही तयारीही गायनापुरतीच आहे.

सर्वांत आधी, निदान तीन महिने अगोदर, मुलाची पट्टी, म्हणजे ज्या सुराला षड्ज (सा) मानून ते गाते तो सूर, गुरूंसमोर बसून निश्चित करून घ्यावी आणि ती नंतर बदलू नये. मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम न दाबता लागतो आणि तार (वरच्या सप्तकातला) गंधार न ओरडता लागतो, अशी पट्टी ती मुलाची पट्टी. शेजारच्या मुलीची काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी) आहे म्हणून आपल्या मुलीनेही तिथेच गावे, हा आग्रह गळ्याचे नुकसान करतो. मुलगा बारा-तेरा वर्षांचा असेल, तर त्याचा आवाज केव्हाही फुटू लागेल हे गृहीत धरावे. तसे झाल्यास त्याला जुन्या पट्टीत रेटू नये, पट्टी खाली आणावी, तार सप्तकातला रियाज थांबवावा आणि बंदिश मध्य सप्तकात फिरणारी निवडावी. आवाज फुटण्याच्या काळात मूल घाबरते, आपले गाणे गेले असे त्याला वाटते. अशा वेळी ही अवस्था सर्वच मुलग्यांच्या वाट्याला येते, हे घरातल्या मोठ्या माणसाने त्याला शांतपणे समजावून सांगणे हासुद्धा तयारीचाच भाग आहे.

पट्टीबद्दल इतके सविस्तर लिहिण्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी बाहेरगावी चाचणीला गेली होती. तिची पट्टी काळी चार. खोलीत तंबोरा नव्हता, संवादिनीवर बसलेल्या गृहस्थांनी काही न विचारता काळी पाच धरली आणि भिडस्त स्वभावाची ती मुलगी काहीच बोलली नाही. अस्थाई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, कशीबशी निभावली, पण अंतऱ्यात, म्हणजे दुसऱ्या भागात, तार गंधारावर तिचा आवाज फाटला आणि त्यानंतर डोळ्यांत पाणी आल्यामुळे तिला पुढे गाता आले नाही. तिचा सूर उत्तम होता. अपुरी राहिली होती ती माझी शिकवण. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाकडून एक वाक्य मोठ्याने, समोरच्याच्या नजरेला नजर देऊन म्हणवून घेते : ‘माझी पट्टी काळी चार आहे, कृपया तेवढी धरावी.’ हे वाक्य घरी आलेल्या पाहुण्यांसमोर दहा वेळा म्हणून झालेले असावे.

तंबोरा शक्यतो स्वतःचा न्यावा. मोठा भोपळ्याचा तंबोरा रेल्वेतून नेणे जिकिरीचे असते, म्हणून बहुतेक जण इलेक्ट्रॉनिक तानपुरा नेतात आणि त्यात काही वावगे नाही. मात्र त्याची पट्टी आदल्या रात्रीच लावून ठेवावी, चार्जर बरोबर घ्यावा आणि खोलीत विजेचे बटण कुठे आहे हे मुलाने आत शिरताच पाहावे. खरा तंबोरा नेणार असाल, तर एक जादा तार आणि जवारीचा (तार घोडीवर गुंजावी म्हणून तिच्याखाली घालायचा) धागा पिशवीत असू द्यावा. ग्वाल्हेरच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत बाहेरून आणलेला तंबोरा लगेच लावू नये, दहा-पंधरा मिनिटे खोलीत तसाच ठेवावा, कारण उबेत तार सैल पडते आणि घाईने लावलेला षड्ज गाणे सुरू झाल्यावर उतरतो. तंबोरा स्वतः लावण्याचा सराव मुलाला आत्तापासूनच द्यावा. जोडीच्या तारा एकमेकींत विरघळून एकच नाद ऐकू येऊ लागतो, तो क्षण ज्या मुलाला स्वतःहून ओळखता येतो, त्याच्या कानाची अर्धी तयारी झाली असे मी समजते.

रागांची संख्या वाढवण्याच्या मागे लागू नये. यमन, भूप, भैरव आणि अल्हैया बिलावल एवढे चार राग पक्के असतील, तर या वयाला ते पुरे आहेत. वीस रागांची नावे लिहून नेलेल्या मुलाला परीक्षक त्या यादीतलाच एखादा कच्चा राग विचारतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. निवडलेल्या बंदिशीची अस्थाई आणि अंतरा दोन्ही पूर्ण, शब्द न गाळता, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमके येत म्हणता आले पाहिजेत. ग्वाल्हेरची गायकी प्रथम सबंध बंदिश मांडते आणि मगच विस्ताराला लागते; या गावातून गेलेल्या मुलाकडून तेवढी शिस्त तरी अपेक्षित असणारच. तानांची घाई नको. सरळ, दाणेदार, मोजक्या तीन-चार ताना आणि त्यांच्या आधी स्वरावर थांबून केलेली थोडी बढत (संथ विस्तार), एवढ्याने काम भागते. बंदिशीचे शब्द ब्रज भाषेतले असल्याने आपली मराठी घरांतली मुले ते अनेकदा अर्थ न समजता म्हणतात. गुरूंकडून अर्थ विचारून तो मुलाने आपल्या शब्दांत वहीत लिहावा.

चाचणीत तयार गाण्यापेक्षा कान अधिक तपासला जातो, आणि नेमकी हीच बाजू घरी दुर्लक्षित राहते. परीक्षक तीन-चार स्वरांचा तुकडा गाऊन मुलाला तसाच परत म्हणायला सांगतात किंवा टाळीचा एखादा ठेका देऊन तो परत वाजवायला सांगतात. न्यूयॉर्कच्या त्या शाळेच्या चाचणीतही ऐकलेले स्वर आणि लय परत म्हणून दाखवावी लागत असे. यासाठी रोज जेवणापूर्वी दहा मिनिटे आई, आजोबा, ताई यांपैकी कोणीही पेटीवर तीन स्वर वाजवावेत आणि मुलाने पेटीकडे पाठ करून ते सरगमीत ओळखावेत. वाजवणाऱ्याला संगीत येत नसले तरी चालते. स्वर जमू लागल्यावर राग ओळखायला द्यावेत. भूप आणि देशकार यांत स्वर तेच, सा रे ग प ध, पण भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि देशकारात धैवत. हा फरक पुस्तकातून पाठ करणारी मुले पुष्कळ, तो ऐकून सांगणारी थोडी. तालाचेही तसेच. त्रितालाच्या १६, एकतालाच्या १२, झपतालाच्या १० आणि रूपकाच्या ७ मात्रा हातावर टाळी-खालीसह दाखवता याव्यात आणि त्याच वेळी तोंडाने ठेका ठाय (मूळ) व दुगुन (दुप्पट) लयीत म्हणता यावा.

कागदपत्रांसाठी फार लिहिण्यासारखे नाही. जाहिरातीत जे मागितले आहे तेच, त्याच क्रमाने, प्रत्येकाच्या दोन प्रतींसह एका फाइलमध्ये लावावे. शाळेचा दाखला आणि गुरूंचे पत्र ऐन वेळी मिळत नाही, म्हणून ते महिनाभर आधीच मागावे. वयाची अट कोणत्या तारखेला मोजली जाते हे नीट वाचावे, कारण त्या तारखेच्या आसपास जन्मलेल्या मुलांची एका दिवसासाठी संधी जाऊ शकते.

डिसेंबरात हजिऱ्याला, तानसेनांच्या समाधीपाशी, तानसेन समारोह असतो आणि मुलांनी तो ऐकलाच पाहिजे, कारण थोर कलावंत शेजारी उतरून गातात हे भाग्य फार थोड्या गावांना लाभते. मात्र चाचणी त्याच महिन्यात असेल, तर कानटोपी आणि मफलर घालून संध्याकाळची एखादी सभा ऐकावी आणि वेळेवर घरी परतावे. रात्रीच्या थंडीत बसून घसा धरला की आठ दिवस गाणे बंद पडते. तिथल्या चिंचेचा पाला खाल्ल्याने गळा गोड होतो ही श्रद्धा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे. नमस्कार करून पाला जरूर घ्यावा, पण चाचणीच्या आठवड्यात आंबट आणि तेलकट दोन्ही बाजूला ठेवावे. त्या दिवशी सकाळी मऊ भात-वरण किंवा उपमा, कोमट पाणी आणि अर्धा तास हलका रियाज पुरेसा आहे. संपूर्ण बंदिश सकाळी पुन्हा पुन्हा गाऊन घेऊ नये.

दारापर्यंत पालकांनी जावे, आत मुलाला एकट्याने जाऊ द्यावे. मुलाने बसून आधी तंबोरा ऐकावा, षड्ज लावावा, तो स्थिर होईपर्यंत थांबावे आणि मगच रागाचे नाव सांगावे. मध्येच थांबवले तर वाईट वाटून घेऊ नये; परीक्षकांना हवे ते कळले की ते थांबवतात. बाहेर आल्यावर काय चुकले हे विचारण्याऐवजी काय विचारले होते ते विचारावे आणि मुलाचे उत्तर त्याच दिवशी वहीत उतरवून घ्यावे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या मुलाला ते उपयोगी पडते. परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी तंबोऱ्याच्या तारा थोड्या उतरवून ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी मुलाला वर्गात पाठवावे.