जुन्या लेखांतून राजकारण शोधताय? या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर सापडलेल्या एका शिलालेखात हूण राजा मिहिरकुल पृथ्वीवर राज्य करतोय. त्याच्या कारकिर्दीच्या १५व्या वर्षी मातृचेट नावाच्या गृहस्थाने इथल्या डोंगरावर दगडी सूर्यमंदिर बांधलं. मंदसौरजवळ सोंधनीच्या स्तंभावर तोच मिहिरकुल माळव्याच्या यशोधर्मन् राजाच्या पायांवर डोकं ठेवतो. शंभरेक वर्षांनी भारतात आलेला चिनी प्रवासी ह्युएनत्संग सांगतो, मिहिरकुलाला मगधाच्या बालादित्याने कैद केलं होतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे आवडेल तो लेख खरा मानायचा नि बाकीच्या थापा. (लिहिणारा माळव्याचा असला की यशोधर्मन् नक्की जिंकतो!) त्यापेक्षा कोण, कोणासाठी लिहितोय ते बघा. मातृचेटाला पुण्य हवं होतं. राजाची स्तुती त्याने रीत म्हणून केली. पण वर्ष मिहिरकुलाच्या कारकिर्दीचं घातलं, म्हणजे तेव्हा इथे त्याचा अंमल चालत होता, एवढं पक्कं धरता येतं. सोंधनीचा कवी वासुल तर कीर्ती गायलाच बसलेला. लौहित्यापासून (ब्रह्मपुत्रेपासून) पश्चिम समुद्रापर्यंत आणि हिमालयापासून पूर्व घाटातल्या महेंद्र पर्वतापर्यंतचे राजे नमले, हे तो लिहिणारच. तो दिग्विजयाचा ठरलेला साचा आहे, त्यावरून नकाशा रंगवू नका. शत्रूचं नाव घेऊन केलेला दावा मात्र वजनदार. ह्युएनत्संग बौद्ध, आणि त्याच्या लेखी मिहिरकुल बौद्धांचा छळ करणारा. कथेला रंग चढणारच.

तारखेचा घोळ वेगळाच. परीक्षेच्या नोट्समध्ये ‘इ.स. ५३२, मिहिरकुलाचा पराभव’ असं बरेचदा दिसतं. ५३२ (मालव संवत ५८९) हे साल मंदसौरच्या दुसऱ्या, विहिरीच्या लेखातलं. त्यात मिहिरकुलाचं नावच नाही. सोंधनीच्या लेखाला साल नाही. दोन्ही लेख कोरणारा गोविंद एकच, म्हणून काळ जवळचा मानतात, बस. गुप्तकाळातले लेख छापणाऱ्या फ्लीटच्या १८८८च्या खंडात मूळ ओळी आहेत, निदान तेवढ्या तरी नजरेखालून घाला.

परराष्ट्र संबंधांत लोक आणखी सैल सुटतात. जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलाच, विदिशेजवळच्या बेसनगरचा गरुडस्तंभ घ्या. तक्षशिलेचा हेलिओडोरस अंतलिकित या यवन (ग्रीक) राजाकडून इथल्या काशीपुत्र भागभद्र राजाकडे दूत म्हणून आला आणि तो स्वतःला भागवत, म्हणजे वासुदेवाचा भक्त, म्हणवतो. यावरून यवन राजानेच धर्म बदलला किंवा दोघांत तह झाला, असं ठोकून देऊ नका. कामगिरी काय होती हे लेखात नाही.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातलं मंडल (शेजारचा राजा शत्रू, त्याच्या पलीकडचा मित्र, अशी मांडणी) म्हणजे राजाने कसं वागावं याचं शास्त्र, मौर्यांची बखर नव्हे. ग्रंथाचा काळही वादातला. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक दूत मेगॅस्थेनिस याचा मूळ ग्रंथ हरवलाय. स्ट्रॅबो, एरियन वगैरेंनी घेतलेले उतारेच हाती आहेत, तेव्हा तळटीपेत त्यांचंही नाव हवं. अलेक्झांडरचा सेनानी सेल्युकस याला तहात चंद्रगुप्ताकडून ५०० हत्ती मिळाले, हेही ग्रीक लेखकांकडूनच कळतं. आपल्याकडची साधनं त्या तहाबद्दल गप्प आहेत. म्हणून तह झालाच नाही असं म्हणायचं कारण नाही, पण ग्रीकांनी न सांगितलेली कलमं पदरची घालायचंही नाही.