जुनी हायब्रिड गाडी दान करताना: आधी बॅटरी तपासा, मग संस्था निवडा

अमेरिकेत गाडी दान करणे म्हणजे एक फोन, एक टो ट्रक आणि एक पावती, असाच बहुतेकांचा समज असतो. साध्या पेट्रोलच्या गाडीला तेवढ्यावर भागते. पंधरा वर्षे चाललेल्या हायब्रिडला भागत नाही, कारण तिची किंमत मोठ्या बॅटरीच्या तब्येतीवर ठरते आणि ती तब्येत बाहेरून दिसत नाही. ती आधी कळली, तर कोणत्या संस्थेला द्यायची आणि द्यायची की विकायची, हेही सोपे होते.

उदाहरणाला टोयोटाची दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीची प्रियस घेऊ, कारण दानात येणाऱ्या हायब्रिडमध्ये ती हमखास असते. तिच्या मोठ्या बॅटरीत, म्हणजे पॅकमध्ये, २८ मॉड्यूल असतात, प्रत्येक ७.२ व्होल्टचे, एकूण २०१.६ व्होल्ट. गाडीचा कॉम्प्युटर ते दोन-दोनच्या जोडीने, म्हणजे १४ ब्लॉक म्हणून वाचतो. डॅशखालच्या पोर्टात ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारे छोटे उपकरण) लावा, फोनवर डॉ. प्रियससारखे ॲप उघडा आणि चढावर गाडी चालवताना ब्लॉकचे आकडे शेजारच्या माणसाला बघायला सांगा. उभ्या गाडीत सगळे ब्लॉक सारखेच दिसतात. जोर लागला की आजारी ब्लॉक उघडा पडतो. एकच ब्लॉक बाकीच्यांपेक्षा व्होल्टभर खाली जात असेल, तर पॅक शेवटाला आला आहे. पी०ए८० हा बिघाडाचा कोड आला असेल, तर कॉम्प्युटरनेही तेच सांगितले आहे.

कोड पुसून गाडी देऊ नका. ती फसवणूक तर आहेच, शिवाय कोड पुसल्यावर उत्सर्जन चाचणीसाठी (स्मॉग टेस्ट) लागणारे मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच केलेल्या तपासण्यांच्या नोंदी, शून्यावर जातात आणि पुढच्या माणसाची चाचणी अडते. मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीच्या पंख्याची जाळी असते, ती मात्र जरूर साफ करा. धूळ आणि कुत्र्या-मांजरांचे केस अडकून बॅटरी तापते. अनेक पॅक वेळेआधी जातात ते यामुळेच.

दान करण्यासाठी नवा पॅक बसवू नका. त्याचा खर्च दानाबद्दल मिळणाऱ्या करातल्या वजावटीतून सहसा भरून निघत नाही. पॅक किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून वेगळा विकण्याच्या भानगडीतही पडू नका. पॅकच्या नारिंगी केबलमध्ये जीव घेण्याइतका विजेचा दाब असतो, आणि पॅकची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटे द्यावी लागतात. हे काम घरी करायचे नाही.

टो ट्रकच्या दिवशी गाडी अडते ती बहुधा छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीमुळे. गाडी महिनाभर उभी असली की ती बसते. मग स्मार्ट की चालत नाही, मागचे दार उघडत नाही (त्याचे कुलूप विजेवर आहे) आणि पार्कमधून गाडी निघत नाही, त्यामुळे पुढची चाके जाम राहतात. आदल्या दिवशी मल्टिमीटर लावा: १२.६ व्होल्ट उत्तम, १२ च्या खाली असेल तर चार्जर लावा. बॅटरी बसलीच, तर किल्लीच्या रिमोटमधली धातूची चावी काढून ड्रायव्हरचे दार उघडा. बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समध्ये लाल झाकणाखाली जंपसाठी टर्मिनल आहे. अधिक-उणे उलटे लागले, तर बॅटरीपेक्षा कितीतरी महाग भाग जळतात.

पिकअप ठरवतानाच ‘हायब्रिड आहे, फ्लॅटबेड (गाडी पूर्ण वर चढवणारा सपाट ट्रक) पाठवा’ असे सांगा आणि ते लिहून घ्या. पुढची चाके रस्त्यावर ठेवून ओढले की त्यांच्याबरोबर मोटार फिरते, वीज तयार होते आणि ट्रान्सॲक्सल (गिअरबॉक्स) किंवा इन्व्हर्टर निकामी होऊ शकतो. ऑल-व्हील ड्राइव्ह हायब्रिडची चारही चाके वर हवीत.

आता संस्था. ती ५०१(सी)(३), म्हणजे करमाफ धर्मादाय संस्था, आहे का, हे आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) संकेतस्थळावर शोधून बघा. मग थेट विचारा: गाडी तुम्ही वापरणार, दुरुस्त करून गरजूला देणार, की लिलावात काढणार? लिलाव असेल, तर मध्यस्थ कंपनी किती टक्के घेते? वजावट या उत्तरावर ठरते. ब्लू बुकमध्ये (जुन्या गाड्यांच्या किमतींच्या यादीत) किंमत ३,००० डॉलर असली आणि लिलावात ९०० आले, तर वजावट ९०० चीच. विक्री ५०० किंवा त्याहून कमी झाली, तर ५०० डॉलर आणि बाजारभाव यातली कमी रक्कम. पूर्ण बाजारभाव मिळतो तो संस्थेने गाडी खरोखर कामाला लावली, तिच्यात मोठी दुरुस्ती केली किंवा गरजूला फुकट वा अगदी स्वस्तात दिली तरच. हे सगळे शेड्यूल ए भरून आयटमाइझ करणाऱ्यांसाठी, म्हणजे एकेक वजावट वेगळी दाखवणाऱ्यांसाठी. स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक एकरकमी वजावट) घेत असाल, तर गाडीची वजावट मिळत नाही.

म्हणून बॅटरी निरोगी असेल, तर आमच्या मते गाडी स्वतः विकून रोख रक्कम द्यावी. मधला वाटा वाचतो आणि संस्थेला पूर्ण पैसे मिळतात. आजारी पॅकची गाडी मात्र हायब्रिड दुरुस्तीची सोय असलेल्या संस्थेकडे गेली, तर तिचे चीज होते.

टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) खाडाखोड करू नका, बहुतेक राज्यांत ते बाद होते. घेणाऱ्याच्या जागी संस्थेचे नाव लिहा. जागा कोरी सोडलीत आणि गाडी परस्पर फिरली, तर टोल आणि पार्किंगचे दंड तुमच्याच नावावर येतात. कर्ज फिटले असले, तरी लीन (कर्ज देणाऱ्याचा गाडीवरचा बोजा) उतरल्याचे पत्र जवळ हवे. २०११ किंवा त्यापुढचे मॉडेल असेल, तर ओडोमीटरचा आकडाही जाहीर करावा लागतो.

गाडी देण्याआधी टोलचा ट्रान्सपाँडर काढा, फोनचे पेअरिंग आणि नेव्हिगेशनमधला घरचा पत्ता पुसा. गॅरेजचे दार उघडणारी आरशावरची बाहेरची दोन बटणे दिवा भराभर लुकलुकेपर्यंत दाबून धरा, म्हणजे तीही नोंद पुसली जाते.

त्यानंतर मोटार खात्याला हस्तांतराची सूचना द्या. कॅलिफोर्नियात मुदत पाच दिवसांची आहे. नंबरप्लेटचा नियम राज्यागणिक बदलतो. काही राज्यांत प्लेट परत केल्याशिवाय विमा बंद करता येत नाही, म्हणून आधी प्लेट, मग विमा. ५०० डॉलरहून जास्त वजावट घेणार असाल, तर संस्थेकडून फॉर्म १०९८-सी (गाडी दान केल्याची अधिकृत पावती) विक्रीनंतर ३० दिवसांत यायला हवा, आणि रिटर्नला फॉर्म ८२८३ (वस्तुरूपातल्या दानाचा तपशील) जोडावा लागतो. महिना उलटूनही १०९८-सी आला नाही, तर टो ट्रकच्या पावतीचा क्रमांक देऊन संस्थेकडे लेखी मागणी करा.