टर्बोखालची तेलगळती: दोष टर्बोचा नव्हताच
माझ्या जुन्या टर्बो डिझेल गाडीखाली रोज सकाळी तेलाचे डाग दिसायचे. टर्बोच (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा भाग) बदला, असा सल्ला मिळाला. मी आधी इंजिन डीग्रीझरने धुतलं, इंजिनाच्या तेलात यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) घातला आणि दोन दिवस गाडी चालवली. यूव्ही टॉर्चखाली टर्बोच्या रिटर्न पाइपचा (टर्बोतलं तेल इंजिनात परत नेणारी नळी) जोड चमकला. (धुणं टाळू नका, ओघळलेलं तेल भलतीकडेच दिसतं.)

पण त्या जोडातलं गॅस्केट (सील) गळलं कशाने? रिटर्नचं तेल फक्त उतारानेच सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) परततं. क्रँककेसमध्ये (इंजिनाची खालची पोकळी) दाब वाढला की ते तुंबतं आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. हा दाब बाहेर सोडणारा ब्रीदर काजळीने पार चोंदला होता! तो बदलला, गॅस्केट नवं टाकलं, टर्बोला तेल पुरवणाऱ्या फीड पाइपचे तांब्याचे वॉशरही. महिना झाला, गाडीखाली जमीन कोरडी आहे.